आधी सावली, मग सौरऊर्जा

सोलापूरवर सूर्य वर्षातून दोनदा अगदी माथ्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परतीच्या वाटेवर पुन्हा ऑगस्टच्या आरंभी. ऑगस्टमध्ये बहुधा ढग आडवे येतात. मेमध्ये आडवे येणारे काही नसते. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, हवेतला ओलावा नावापुरता उरतो आणि उभ्या भिंतीची सावली तिच्या पायाशीच संपते. म्हणजे ज्या महिन्यांत सोलापूरकर सर्वांत जास्त पोळतो, त्या महिन्यांत इमारतीवर पडणाऱ्या उन्हाचा सर्वांत मोठा वाटा भिंतींवर नव्हे, छतावर पडतो. त्याखालोखाल त्रास पश्चिमेच्या भिंतीचा, कारण तिच्यावर तिरपे ऊन येते तेव्हा हवाही दिवसभर तापून बसलेली असते. दक्षिणेची भिंत, जिची आपण उगाच धास्ती घेतो, ती मेच्या दुपारी जवळजवळ सुटलेली असते. एवढ्या साध्या भूगोलातून इमारतीची अर्धी रचना ठरायला हवी. प्रत्यक्षात ऊर्जाबचतीची आपली चर्चा एलईडी दिव्यांपासून सुरू होते आणि सौरपट्ट्यांपाशी संपते. मधली इमारत सगळ्यांनी गृहीत धरलेली असते. या लेखाचे म्हणणे असे की क्रम उलटा लावला पाहिजे. विद्यापीठाच्या वीजबिलाचा मोठा हिस्सा मीटर फिरायला लागण्याच्या कितीतरी आधी, वास्तुरचनाकाराच्या नकाशावरच ठरून गेलेला असतो, आणि तो हिस्सा नंतर कितीही चांगली उपकरणे आणली तरी पुरता वसूल होत नाही.

हा विचार विद्यापीठाच्या परिसरापासून सुरू करण्याला कारण आहे. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. त्याआधी ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते, आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. एका जिल्ह्यापुरते असलेले हे विद्यापीठ पुणे महामार्गावर केगावजवळच्या मोकळ्या माळावर वसले आहे. शहराच्या पेठेत इमारतीचे तोंड कुठे असावे हे गल्ली ठरवते. माळावर ते आपण ठरवू शकतो. शिवाय बांधणारा, वापरणारा आणि पन्नास वर्षे बिल भरणारा इथे एकच असतो. सदनिका बांधून विकणाऱ्या बिल्डरला पहिल्या दिवसानंतर त्या घराच्या उन्हाशी काही देणेघेणे उरत नाही; विद्यापीठाला तशी सुटका नाही. यावर कोणी म्हणेल, यंत्रमाग, साखर कारखाने आणि शेतीपंपांच्या या जिल्ह्यात एका विद्यापीठाची वीज ती केवढी? युनिटांत मोजली तर किरकोळच आहे, हे मान्य. पण मागावर खर्च झालेल्या विजेतून टॉवेल आणि चादर निघते, पंपाने ओढलेल्या पाण्यावर ऊस उभा राहतो. तापलेल्या स्लॅबखाली उष्णता हुसकावण्यात गेलेल्या विजेतून काहीच निघत नाही. आणि या विद्यापीठाशी शंभराच्या आसपास महाविद्यालये संलग्न आहेत, त्यांच्या इमारती अकलूजपासून अक्कलकोटपर्यंत जवळपास एकाच साच्यातून निघाल्या आहेत. साचा बदलला तर हिशोब एका परिसराचा राहत नाही.

तो साचा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. आरसीसीचा सांगाडा, नऊ इंची विटांची भिंत, पाच-सहा इंची स्लॅब, त्यावर पाणी मुरू नये म्हणून कोबा, आणि सरळ रांगेत सारख्या मापाच्या खिडक्या, मग भिंत कोणत्याही दिशेची असो. यातला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे छत. उघडा काँक्रीटचा स्लॅब बाहेरच्या आणि आतल्या तापमानात एक अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमागे तीन वॅटच्या वर उष्णता आत सोडतो. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने बहुतेक इमारतींच्या छतासाठी जी मर्यादा घातली ती याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी आहे. आता एप्रिलची दुपार घ्या. हवा चाळीस अंशांवर असली तरी करड्या, काळवंडलेल्या स्लॅबचा पृष्ठभाग साठीच्या पुढे जातो. पन्नास चौरस मीटरच्या वर्गखोलीत तेवढ्यावरून दुपारभर जी उष्णता उतरते, ती काढून टाकायला सुमारे एक टन क्षमतेचा एसी लागेल, आणि तोही विद्यार्थी आत येण्याआधीच. विद्यार्थ्यांची, दिव्यांची, प्रोजेक्टरची उष्णता हा पुढचा हिशोब झाला. वरच्या मजल्यावरच्या वर्गात पंखा पूर्ण वेगात असूनही डोक्यावर निखारे धरल्यासारखे का वाटते, याचे उत्तर एवढेच आहे की पंखा स्लॅबखालची तापलेली हवाच खाली ढकलत असतो, आणि खुद्द स्लॅब एखाद्या हीटरप्रमाणे खालच्या माणसांकडे उष्णता फेकत असतो.

यावरचा पहिला उपाय इतका स्वस्त आहे की निविदांच्या जगात त्याला प्रतिष्ठाच नाही. ताजा चुना अंगावर पडलेल्या उन्हापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो. करडे काँक्रीट तीस टक्केही मुश्किलीने. नुसत्या पांढऱ्या छतामुळे आत उतरणारी उष्णता निम्म्याच्या जवळपास येते. त्यात अडचण अशी की सोलापूरची धूळ वर्षभरात तो पांढरेपणा खाऊन टाकते, म्हणून दर फाल्गुनात नव्याने हात द्यावा लागतो. अशी आवर्ती, हलकी कामे करणे संस्थांना जड जाते. मोठा खर्च एकदाच मंजूर होतो, छोटा खर्च दरवर्षी अडतो. ज्यांना हे झेपत नसेल त्यांनी पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवावी. ती धुता येते आणि गच्चीची गळतीही थांबवते. नवीन इमारतीत मात्र पांढऱ्या रंगावर थांबू नये. स्लॅबवर उष्णतारोधक फलकांचा थर, त्यावर कोबा आणि सर्वांत वर पांढरा पृष्ठभाग, हा क्रम महत्त्वाचा आहे. थर खालून, छताला आतून चिकटवला तर स्लॅब तापतच राहतो, फक्त ती उष्णता नजरेआड होते आणि स्लॅब दिवसा फुगून रात्री आक्रसत भेगाळत राहतो.

भिंती आणि खिडक्यांचे गणित दिशेचे आहे, आणि दिशेला पैसे पडत नाहीत. लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाने ठेवली की वर्गांच्या खिडक्यांना उत्तरेचा स्थिर उजेड मिळतो, आणि दक्षिणेला अडीच-तीन फुटांचा सज्जा उन्हाळ्यातले ऊन अडवून हिवाळ्यातले आत घेतो, कारण डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण एकोणपन्नास अंशांपर्यंतच चढतो. पश्चिमेला सज्ज्याचा उपयोग नाही. संध्याकाळचे ऊन आडवे येते, ते सज्ज्याच्या खालून थेट टेबलावर उतरते. तिथे जिने, स्वच्छतागृहे, सामानाच्या खोल्या याव्यात, किंवा उभ्या पट्ट्या आणि झाडे. हे सगळे वास्तुशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असते. (या वास्तुशास्त्राचा आग्नेय-नैर्ऋत्यवाल्या वास्तुशास्त्राशी संबंध नाही, हे आपल्याकडे दुर्दैवाने वेगळे सांगावे लागते.) तरीही नव्या शैक्षणिक इमारतींना रस्त्याकडे तोंड करून काचेचा दर्शनी भाग द्यायची आणि त्याभोवती चकचकीत एसीपी पत्रे मढवायची हौस वाढते आहे. रस्ता पश्चिमेला असेल तर काचही पश्चिमेला. मग आत चकाकी होते म्हणून पडदे ओढायचे, अंधार होतो म्हणून दिवे लावायचे, आणि दोन्हीमुळे गरम होते म्हणून एसी बसवायचा. बाहेर निरभ्र आकाशाखाली ऐंशी-नव्वद हजार लक्स उजेड असतो. वाचायला तीनशे पुरतात. सोलापुरात उजेडाची टंचाई कधीच नव्हती; प्रश्न तो मोजून आत घेण्याचा आहे.

इथे जुन्या सोलापूरची साक्ष काढायचा मोह कोणालाही होईल, आणि ती साक्ष भक्कमही आहे. काळ्या दगडाच्या दोन-दोन फुटी भिंती, लाकडी तुळयांवर माती दाबून केलेले माळवद, मोजके झरोके, मध्ये चौक: या घरांत दुपारी दोन वाजता शिरणाऱ्याला बाहेरचा मे विसरायला होतो. त्यामागचे तंत्र उघड आहे. अशा जाड भिंतीतून आणि मातीच्या छतातून उष्णता आत पोहोचायला दहा-बारा तास लागतात, तोवर बाहेर रात्र झालेली असते. कोरड्या पठारावर दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा अंशांचे अंतर पडते, त्या अंतराचा हा नेमका फायदा. पण अशीच घरे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत लोकांच्या अंगावर कोसळली. भूकंप साधारण सव्वासहा रिश्टरचा होता; जगात या तीव्रतेचे धक्के अनेक ठिकाणी फार जीवितहानी न होता पचवले जातात. इथे आठ ते दहा हजार माणसे गेली, कारण मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती उसवल्या आणि टनावारी मातीचे माळवद झोपलेल्यांवर आले. त्या पहाटेनंतर मराठवाड्याच्या सीमेवरच्या या पट्ट्यात दगड-मातीच्या घराबद्दल जी भीती बसली, तिला अज्ञान म्हणता येणार नाही. लोकांनी काँक्रीट निवडले ते जिवाच्या हिशोबाने, आणि तो हिशोब बरोबर होता.

म्हणून ‘परंपरेकडे चला’ हे उत्तर या जिल्ह्यात अपुरे आहे, किंबहुना बेजबाबदार आहे. जुन्या घरातून उचलायची ती सामग्री नव्हे, त्यातला हिशोब: ऊन अंगावर घेऊ नये, घेतलेच तर ते आत पोहोचायला उशीर लावावा, आणि रात्रीच्या गारव्याने साठलेली उष्णता धुऊन टाकावी. हेच काम आज भूकंपरोधक सांगाड्यात, हलक्या सामग्रीने होते. मध्ये हवेची पोकळी ठेवलेली दुहेरी भिंत, एएसी ब्लॉक, किंवा वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेला रॅट-ट्रॅप बाँड, ज्यात विटा उभ्या लावून भिंतीच्या पोटातच पोकळी राहते आणि विटाही कमी लागतात. सोलापूरच्या दक्षिणेला १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. त्याची राख कुठेतरी जायचीच आहे, ती विटांत गेलेली बरी. बेकर यांचे नाव आले म्हणून एक इशाराही इथेच द्यायला हवा. तिरुअनंतपुरमला त्यांनी सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा जो परिसर उभारला, त्यातल्या विटांच्या जाळीदार भिंतींची छायाचित्रे पाहून वास्तुविशारद भारावतात. ते भारावणे योग्यच आहे, पण ती जाळी दमट किनाऱ्यासाठी आहे, जिथे चोवीस तास वारा हवा असतो. तीच भिंत सोलापुरात उभारली तर एप्रिलच्या दुपारी तिच्यातून झळा आत येतील आणि संध्याकाळी पुस्तकांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचलेली असेल. कोरड्या पठारावर खेळती हवा रात्री हवी. दिवसा दारे-खिडक्या मिटून सावलीत बसायचे असते. आपल्या संस्थांचा शिरस्ता नेमका याच्या उलट चालतो: दिवसभर खिडक्या सताड उघड्या, आणि संध्याकाळी सहाला, बाहेरची हवा निवायला लागते तेव्हा शिपाई एकेक खिडकी बंद करून कुलूप घालतो. यात त्याची चूक नाही, त्याला चोरीची जबाबदारी दिलेली आहे. जाळी आणि गजांआड रात्रभर उघडे राहू शकणारे उंच झरोके नकाशात नसतील तर रात्रीचा गारवा परिसरात येऊन दाराबाहेर थांबतो.

वर्गखोली आणि वसतिगृह यांना एकच रचना चालत नाही, हे या विषयातले सर्वांत दुर्लक्षित सत्य असावे. वर्ग दहा ते पाच वापरात असतो. त्याला जड भिंत मानवते, कारण तिने साठवलेली उष्णता बाहेर पडते तेव्हा खोली रिकामी असते. वसतिगृहात उलट. मुले दिवसा विभागात असतात आणि रात्री, नेमकी भिंत आणि स्लॅब उष्णता ओकू लागतात तेव्हा, खोलीत परततात. गच्चीवर अंथरुणे टाकण्याची आपली जुनी रीत म्हणजे या भौतिकशास्त्राला लोकांनी दिलेले सरळ उत्तर होते. वसतिगृहाचे छत म्हणूनच विद्यापीठातल्या इतर कोणत्याही छतापेक्षा जास्त जपायला हवे, त्याच्या भिंती हलक्या आणि लवकर निवणाऱ्या हव्यात, खोल्यांना समोरासमोर दोन बाजूंनी उघडीप हवी, मध्ये अंधारा बोळ आणि दोहीकडे खोल्या हा सोपा आराखडा टाळायला हवा. मागणीच्या दृष्टीनेही वसतिगृह वेगळे आहे: त्याची वीज सूर्य मावळल्यावर लागते. सौरपट्ट्या तिला थेट काही देऊ शकत नाहीत.

या मांडणीवर येणाऱ्या आक्षेपांत सौरऊर्जेचा आक्षेप सर्वांत जोरकस आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात एक किलोवॅटची पट्टी दिवसाला सरासरी चार युनिटे देते, जागा दहा चौरस मीटर लागते. गच्च्या भरून टाकाव्यात, वीज फुकटच असेल तर ती वाचवायची कशाला? सौरपट्ट्या बसवाव्यातच, त्याबद्दल वाद नाही. छतावर उंचावून बसवल्या तर त्या स्लॅबला सावलीही देतात, आणि हा त्यांचा दुहेरी उपयोग आपण फारसा मोजत नाही. पण गळक्या इमारतीवर बसवलेली पट्टी आपली निम्मी मिळकत त्याच छतातून शिरलेली उष्णता उपसण्यात घालवते. आधी छत सुधारले तर तेवढ्याच पट्ट्यांत दुप्पट खोल्या भागतात. दुसरे असे की सोलापूरची वीज ही केवळ सोलापूरची बाब राहिलेली नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे विजेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले. देशाचे एकच जाळे झाले ते या शहराच्या वेशीवर. दुपारी या जाळ्यात सूर्याची वीज पुष्कळ असते, संध्याकाळी सातनंतर कोळशावर ओझे येते. तेव्हा वाचवलेले एक युनिट म्हणजे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड टळला. आणि तिसरी गोष्ट सोलापूरकराला कार्बनपेक्षा जास्त कळेल: पाणी. इथले औष्णिक केंद्र उजनीचे पाणी वापरते. अशा केंद्रांना केंद्र सरकारने घालून दिलेली मर्यादा एका युनिटामागे साधारण तीन लिटर पाण्याची आहे. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, जे उजनीच्या टक्केवारीवर उन्हाळा मोजते, तिथे रिकाम्या वर्गात फिरणारा पंखा दूर कुठेतरी धरणाचे पाणी उडवत असतो. कूलरचा विचारही याच हिशोबाने व्हावा. कोरड्या हवेत वाळ्याची ताटी किंवा कूलर एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत काम करतो, हे खरेच. एक लिटर पाणी वाफ होताना पाऊण युनिटाच्या जवळपास उष्णता शोषून नेते. पण सोलापुरात ते लिटर कुठून आणायचे हा प्रश्न आधी सुटायला हवा. वसतिगृहातले अंघोळीचे पाणी स्वच्छ करून कूलरला देता येईल; पिण्याचे देऊ नये.

‘लोकांना आता एसी हवाच असतो’ हेही वारंवार ऐकू येते. काही ठिकाणी तो हवाच: सूक्ष्मदर्शक यंत्रे, सर्व्हर, रसायनांचा साठा, जुनी हस्तलिखिते यांना स्थिर तापमान लागते आणि तिथे काटकसर करणे चुकीचे ठरेल. अशा खोल्या प्रत्येक विभागात एकेक विखुरण्याऐवजी एका इमारतीत, खालच्या मजल्यावर एकत्र आणल्या तर एक चांगली यंत्रणा त्यांना पुरते. माणसांचे मात्र तसे नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी देशाच्या पाचही हवामान-पट्ट्यांतल्या लोकांना विचारून जे प्रतिमान मांडले आणि ज्याला २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्थान मिळाले, ते सांगते की खिडक्या उघडणाऱ्या इमारतीत बसणाऱ्या माणसाचे सुखाचे तापमान ऋतूबरोबर सरकते. बाहेरची सरासरी तीस असेल तर आत एकोणतीस अंशांवरही बहुतेकांना ठीक वाटते. बावीस अंशांचा आग्रह थंड देशांतल्या कचेऱ्यांमधून आला आहे. पंख्याचा सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा आणखी दोन-तीन अंशांचा दिलासा देतो. याचा अर्थ सोलापुरात एप्रिल-मेची दुपार पंख्यावर निभते असा मुळीच नाही. पस्तिशीच्या पुढे पंखा नुसती गरम हवा फिरवतो आणि घाम वाळवण्यापुरताच उपयोगी पडतो. अर्थ एवढाच की चांगल्या इमारतीत ज्यांत यंत्राच्या थंडाव्याची खरी गरज असते अशा आठवड्यांची संख्या बरीच घटते.

उपकरणांबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण त्यावर सर्वत्र पुरेसे लिहिले जाते. साधा छताचा पंखा सत्तर-ऐंशी वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा पंखा तीसच्या आसपास. वर्षाला सोळाशे तास चालणाऱ्या वर्गातल्या एका पंख्यामागे सत्तर युनिटे वाचतात, वसतिगृहात त्याहून जास्त. पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही; रिकाम्या खोलीत तो केवळ उष्णता वाढवतो. दिव्यांचे गणित याहून सोपे आहे आणि बऱ्याच ठिकाणी सुटलेलेही आहे.

एका साधनाची किंमत मात्र शून्य आहे, आणि ते म्हणजे वेळापत्रक. महाराष्ट्रातल्या शाळा मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या होतात, हे आपण इतके गृहीत धरतो की तो ऊर्जाधोरणाचा भाग आहे हे लक्षात येत नाही. सात ते साडेबारा चाललेला वर्ग दुपारच्या उन्हाशी झुंजतच नाही. विद्यापीठे मात्र परीक्षांचा हंगाम एप्रिल-मेपर्यंत ओढत नेतात आणि दुपारचे सत्र लावून तीन तास विद्यार्थ्यांना वरच्या मजल्यावर बसवतात. वेळापत्रक बदलणे सोपे नाही, हे खरे. ग्रामीण भागातून एसटीने येणारा विद्यार्थी सातला केगावला पोहोचू शकत नाही. तरी उन्हाळ्यापुरती लेखी परीक्षा सकाळच्या एकाच सत्रात, तळमजल्यावर आणि उत्तरेच्या खोल्यांत घेणे कोणत्याही विद्युत अभियंत्याच्या सल्ल्याइतकेच किमतीचे आहे.

उरतो तो पैशाचा आणि जबाबदारीचा प्रश्न, आणि गाडी खरी अडते ती इथेच. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ चा, इमारत संहिता २००७ ची, ती २०१७ मध्ये कडक झाली, २०२२ मध्ये कायदाही सुधारला. नियमांची टंचाई नाही. जोडभार शंभर किलोवॅट किंवा त्याहून अधिक असलेल्या इमारतींना वा इमारतसमूहांना संहिता लागू व्हावी अशी मूळ कल्पना आहे, आणि विद्यापीठाचा परिसर त्यात सहज बसतो. पण इमारतीचा पैसा अनुदानातून येतो, तो ठरावीक मुदतीत खर्चायचा असतो आणि सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. वीजबिल पुढे सर्वसाधारण निधीतून जाते. ज्याने छतावरचा उष्णतारोधक थर अंदाजपत्रकातून गाळून बचत दाखवली, त्याच्यापर्यंत त्या बचतीचे पन्नास वर्षांचे बिल कधी पोहोचतच नाही. विभागप्रमुखाला आपल्या विभागाची वीज किती हे ठाऊक नसते, कारण सगळ्या परिसराला एकच उच्चदाब मीटर असतो. प्रत्येक इमारतीला स्वतंत्र उपमीटर बसवणे आणि दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिटे लागली हे दरवर्षी परिसरात जाहीर लावणे, ही सुरुवात कोणत्याही सौरप्रकल्पाआधी व्हायला हवी. त्याशिवाय कोणता उपाय लागू पडला आणि कोणता फोटोपुरता होता हे कळणार नाही. भौतिकशास्त्राच्या, पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून जवळची प्रयोगशाळा मिळणार नाही.

आणि एक कलम करारात घालण्यासारखे आहे. नवी इमारत पावसाळ्यात गळली तर दुरुस्ती व्हावी म्हणून ठेकेदाराची अनामत काही काळ अडवून ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. उन्हाळ्यासाठी असे काहीच नाही. ठेकेदार म्हणेल की नकाशा माझा नव्हता, आणि ते खरे असेल. म्हणून हे कलम वास्तुरचनाकाराच्या मानधनाला जोडावे. इमारत ताब्यात घेतल्यानंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये, दुपारी तीन वाजता, वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खालच्या बाजूचे, पश्चिमेच्या भिंतीचे आणि खोलीतल्या हवेचे तापमान सलग पंधरा दिवस मोजावे, वसतिगृह असेल तर रात्री अकरालाही मोजावे, ते आधी ठरलेल्या मर्यादेत आले तरच मानधनाचा शेवटचा हप्ता द्यावा. तापमापकाला फार खर्च येत नाही. मर्यादा किती असावी यावर वाद होतील, आणि नकाशा मंजूर करणाऱ्या सभेत उन्हावर वाद झाला तर तो सोलापूरच्या इमारतींच्या इतिहासातला पहिलाच ठरेल.